तुझ्या आईला सांग

मी काठीवाला. एकतीस वर्षं झाली, टॉर्नेस कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की कडेच्या रेषेवर काठी धरून उभा असतो. दोन काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी. चेंडू दहा यार्ड पुढे गेला की आम्ही पुढे, नाही तर आहे तिथेच. एरवी मी प्लंबर होतो, पण गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते काम सोडलं. नाव ऑर्विल स्टेनरूड. काठीवाल्याला नियम एकच, तोंड बंद ठेवायचं. टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत, पोरांशी गप्पा नाहीत. आर्डिस, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगत फिरते की हा आठवड्यातले तीन तास तरी गप्प बसतो, म्हणून आमचं लग्न टिकलंय.

तर त्या शनिवारी जे झालं ते माझ्यापासून चार हातांवर झालं. मी ते या डोळ्यांनी पाहिलंय आणि या कानांनी ऐकलंय. टीव्हीवाल्यांनी काय पाहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ग्रॅनाइट रिज कॉलेजचा संघ आला होता. त्यांचा चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक, मिका टॉलेफसन. आमच्या बचावात एलिंग ब्रोटेन, सव्वादोनशे पौंडांचा पोरगा. दोघंही ऑसलंडचे. ऑसलंड म्हणजे सहाशे माणसं, एक चर्च आणि धान्याची एक उंच कोठी, बस्स. बालवाडीपासून एका बाकावर बसलेली ही पोरं, फक्त कॉलेज वेगळं निघालं. तिसऱ्या सत्रात मिकानं फेकायला हात मागे घेतला आणि एलिंगनं त्याला असा उचलून आपटला की बघत राहावं. अगदी नियमात, खांद्यानं. मिका उताणा पडला. एलिंग त्याच्यावर उभा राहिला, बोट रोखलं आणि ओरडला,

"तुझ्या आईला सांग, आमचं भांडं परत कर म्हणावं! आजीनं डोकं खाल्लंय माझं!"

मिकाच्या छातीत श्वास नव्हता, तरी तो पोट धरून हसत होता. मग एलिंगनं हात दिला, त्याला ओढून उभा केला, त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं. तोवर पंचांनी पिवळा रुमाल टाकला होता. पडलेल्या खेळाडूवर उभं राहून बोट रोखायचं नाही, पंधरा यार्डांची शिक्षा. बरोबरच होतं ते. एलिंगही म्हणाला, "चुकलंच सर." आम्ही साखळी उचलली, पंधरा यार्ड चाललो आणि खेळ पुढे सुरू झाला. माझ्या लेखी विषय तिथे संपला.

रविवारी दुपारी कळलं की संपला नव्हता.

प्रेक्षकांतल्या कुणीतरी मोबाइलवर टिपलं होतं. अकरा सेकंद. बोट रोखल्यापासून ते मिकानं पोट धरेपर्यंत. हात देऊन उठवलं ते बाराव्या सेकंदाला, त्यामुळे ते जगात घडलंच नाही. आणि आवाज? "तुझ्या आईला" एवढंच स्पष्ट ऐकू येत होतं. पुढे आमच्या लोकांनी जो गलका केला त्यात बाकीचं बुडालं. एका मोठ्या क्रीडा वाहिनीनं ते सोमवारी सकाळी उचललं. बहुतेक त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरं काही नसावं. आणि न ऐकू आलेल्या भागावर त्यांनी चक्क टूं वाजवलं.

"तुझ्या आईला टूंऽऽऽ!"

अरे, जे ऐकूच आलं नाही ते झाकता कसलं? पण टूं वाजल्यावर ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या वकुबाप्रमाणे आत शिवी भरतो. माझ्या सख्ख्या भावानं फोन करून मला विचारलं, "नक्की कुठली दिली रे?" त्याच्या आवाजात आशा होती.

मग काय विचारता! अकरा सेकंदांचे त्यांनी सावकाश चालवून चाळीस केले. बोटाभोवती लाल गोल काढला. खाली पट्टी, "मैदानावरचा गुंड". काचेच्या टेबलाभोवती चार माणसं बसली आणि कॉलेज फुटबॉलचं काय झालं म्हणून हळहळली. एका मानसतज्ज्ञ बाईंनी एलिंगच्या बालपणाबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्या एलिंगला कधी भेटल्याही नव्हत्या. हा पोरगा रविवारी चर्चच्या दारात आजीची पर्स हातात धरून उभा असतो हो! मी टीव्हीवर चप्पल फेकली. आर्डिसनं ती उचलून आणून दिली आणि म्हणाली, "दुसरी पण फेक, म्हणजे जोडी होईल."

ग्रॅनाइट रिजच्या कोचनं आपल्या पोरांना पत्रकारांशी बोलायला बंदी केली होती. मिका तेवढ्यातूनही एकदा बोलला, "तो वाईट काहीच बोलला नाही." त्यावर पट्टी आली, "पीडित खेळाडू अजून दहशतीखाली".

मंगळवारी आमच्या आठ कॉलेजांच्या मंडळानं निर्णय दिला. एलिंग ब्रोटेन पुढच्या शनिवारी खेळणार नाही.

तुम्ही म्हणाल, एक सामना, त्याचं काय एवढं. सांगतो. बास्केटबॉलवाले साठीपर्यंत चर्चच्या हॉलमध्ये खेळतात. बेसबॉलवाले पोटं सांभाळत रविवारी खेळतात. गोल्फवाल्यांचं तर विचारूच नका. आमच्या फुटबॉलचं तसं नाही. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजातून पुढे मोठ्या संघात कुणी जात नाही. चौथ्या वर्षाचा शेवटचा शनिवार संपला की हेल्मेट परत, खांद्यांचे पॅड परत, आणि त्यानंतर जन्मात पुन्हा कुणी तुम्हाला धावत येऊन पाडत नाही. एलिंगचा तो शेवटचा शनिवार होता. सात वर्षांचा असल्यापासून पोरगा खेळत होता, आणि त्याचा शेवट त्या टूंनं होणार होता.

संध्याकाळी मी आर्डिसला खरं काय ते सांगितलं. भांड्याचं ऐकल्यावर ती विणता विणता थांबली.

"केवढं भांडं?"

"मला काय माहीत केवढं! भांडं म्हणाला."

"काचेचं लांबट असणार. हॉटडिशचं." हॉटडिश म्हणजे मांस-बटाट्यांचं ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, आमच्याकडे अडचणीतल्या घरी पाठवतात. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत ती म्हणाली, "त्यांच्या घरी मेलं कोण?"

"कुणी नाही."

"बाळंतपण?"

"अगं, मिकाची आई पन्नाशीची आहे."

"मग ऑपरेशन?"

"आर्डिस, मी काठी धरतो, जनगणना करत नाही."

"मूर्खासारखं बोलू नकोस. हॉटडिश उगीच कुणी कुणाकडे पाठवत नाही. आणि पाठवलेलं भांडं लोक आठवड्यात परत करतात." तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "त्या घरात असं काहीतरी झालंय, जे कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून एलिंग खरं काय ते सांगत नाहीये, ऑर्विल. तूही बोलू नकोस."

बायको बरोबर होती. मी लिहून देतो, नेहमीसारखीच बरोबर होती.

तरी बुधवारी सकाळी मी मैदानावर गेलो. एलिंग रंगाची गाडी ढकलत यार्डाच्या रेषा मारत होता. खेळायचं नाही तर निदान रेषा तरी मारतो, असं त्यानं कोचना सांगितलं होतं. शनिवारी दुसरे खेळणार त्या रेषा.

"मी ऐकलंय रे," मी म्हटलं. "सगळं वाक्य. मी मंडळाला सांगतो."

"नको, मिस्टर स्टेनरूड."

"का नको? एक भांडं तर आहे!"

तो हसला. थकलेलं हसू. "तुम्ही ऑसलंडचे नाही. मी 'भांडं' म्हणालो की आमच्याकडच्या सत्तर बायका पुढचा प्रश्न विचारतील. आजीनं ते मार्चमध्ये पाठवलं. का पाठवलं, ते त्यांच्या घरातलं आहे. मला खरं तर मैदानावरसुद्धा बोलायला नको होतं. मिकाला हसवायला गेलो आणि हे झालं."

"आणि तुझा शेवटचा सामना?"

तो गाडीच्या दांड्याकडे बघत राहिला. "रोज रात्री तेच डोक्यात येतं," म्हणाला. "पण त्याच्या आईला तोंड लपवायला लावून खेळलो, तर ते खेळणं तरी कसलं? तुम्ही मला शब्द द्या."

मी शब्द दिला. एकतीस वर्षं तोंड बंद ठेवलेला माणूस मी. शब्द द्यायला मला काय जातंय!

दीड तासात मोडला.

झालं असं. मार्व्हिनच्या कॅफेत मी पाय खायला बसलो. ऍपलचा पाय, खायचा, नाही तर तुम्हाला वाटेल गुडघ्याचं काही. शेजारच्या स्टुलावर लाल कोटवाली एक बातमीदार येऊन बसली. पोरगी बोलायला गोड. मी मैदानावर काम करतो हे तिला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "मला काही बोलायचं नाही." ती म्हणाली, "बरोबर आहे, असल्या हिंसक मुलांची भीती वाटतेच." आणि माझं टाळकं सटकलं.

"भीती? त्या पोराची? अहो, तो फक्त भांडं मागत होता!"

मार्व्हिनच्या हातातली कॉफीची किटली वरच राहिली. मी जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. तिच्या कोटाच्या खिशात मोबाइल चालू होता.

संध्याकाळच्या कार्यक्रमात काचेचं टेबल तेच आणि माणसंही तीच, फक्त विषय नवा. "भांडं म्हणजे नेमकं काय?" एक जण म्हणाला, ही अमली पदार्थांच्या धंद्यातली भाषा वाटते. दुसरा म्हणाला, उत्तरेकडच्या गावांत भांडं मागणं म्हणजे जुनं वैर उकरून काढणं असावं. मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या, रिकामं भांडं हे आईच्या प्रेमाच्या अभावाचं प्रतीक आहे. आर्डिस टीव्हीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी उजाडता ऑसलंडमध्ये तीन गाड्या उभ्या, छपरांवर तबकड्या लावलेल्या. बातमीदार घरोघरी विचारत फिरू लागले, "भांडं कुणाचं? कुणाकडे आहे?" आता ऑसलंडच्या बायकांना हे विचारायचं म्हणजे! अर्ध्या तासात त्यांनी हिशेब लावला. एलिंगची आजी लॉरेन ब्रोटेन, तिचं निळ्या काठाचं भांडं मार्चपासून दिसलेलं नाही. टॉलेफसनच्या घरी ना मयत, ना बाळ, ना ऑपरेशन. आणि मिकाचा बाप डेल टॉलेफसन मार्चमध्ये महिनाभर डकोटात तेलाच्या विहिरीवर कामाला गेला होता म्हणे. काम एका महिन्याचंच कसं?

एलिंग नऊ वाजता माझ्या दारात आला. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठीच बोललात, मला कळतंय." ओरडला असता तर सोपं होतं हो. सव्वादोनशे पौंडांचा पोरगा पायरीवर उभा राहून माझी समजूत घालत होता आणि मला शरमेनं वर बघवत नव्हतं. मी टोपी घातली, ट्रक काढला आणि ऑसलंडला गेलो. चाळीस मैल मी मोठमोठ्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या. त्यांवर टूं वाजवायला कुणी नव्हतं.

मिकाच्या आईचं नाव जेनेल. तिनं मागचं दार उघडलं आणि मला आत घेतलं. पुढच्या अंगणात कॅमेरे होते. डेल टेबलाशी बसला होता, कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून. आणि ओट्यावर ते भांडं, धुऊन पुसून ठेवलेलं. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर "लॉरेन बी." असं लिहिलेलं.

मी म्हटलं, "बाई, हे सगळं माझ्यामुळे झालं. मी तो कॅफेतला गाढव."

"बसा," जेनेल म्हणाली. तिनं मला कॉफी ओतली. गाढवालाही आमच्याकडे कॉफी मिळते. "तो महिना डेल दारू सोडवायच्या केंद्रात होता. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल."

"मी विचारलेलं नाही."

"लॉरेननंही विचारलं नव्हतं. त्याला सोडून मी घरी आले त्याच संध्याकाळी ती दारात भांडं घेऊन उभी. गरम होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. म्हणाली, ओव्हनमध्ये तीनशे पन्नासवर वीस मिनिटं ठेव. आणि गेली. मी ते उभ्यानंच खाल्लं हो, भांड्यातूनच, चमच्यानं. रडत रडत खाल्लं."

"मग परत का नाही केलंत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझं तोंड त्या आठवड्यात सुटलेलंच होतं.

"रिकामं कसं देणार?" ती म्हणाली. "त्यात काहीतरी करून घालायचं, मग जायचं, मग ती बसवणार, कॉफी देणार, आणि विचारणार, डेल कसा आहे? काय सांगणार होते मी? दर शनिवारी ठरवायचे, लिंबाच्या वड्या करून घेऊन जाऊ. आठ महिने झाले. मग तर नुसतं भांड्याकडे बघायचीही लाज वाटायला लागली."

पुढच्या दारावर कुणीतरी ठोठावलं. बाहेरून त्या लाल कोटवालीचा आवाज आला, "मिसेस टॉलेफसन, फक्त एक प्रश्न!"

डेलनं मग खाली ठेवला. "जेनेल, त्या पोराचा शेवटचा सामना आहे," तो म्हणाला. "तो माझ्यासाठी तोंड मिटून बसलाय. बावीस वर्षांचा पोर. आणि मी इथे पडदे ओढून बसू?"

"लोक काय म्हणतील, डेल?"

"म्हणू देत. दोनशे चाळीस दिवस झालेत मला. मला त्याची लाज नाही वाटत. तू वाटून घेऊ नकोस."

तिनं त्याच्याकडे बघितलं. हात एप्रनला पुसले. दोघं पुढच्या दारानं बाहेर गेले आणि मी खिडकीत उभा राहिलो. जेनेल सगळं बोलली. डेलचं, केंद्राचं, लॉरेनच्या गरम भांड्याचं, आपल्या लाजेचं. मध्ये कुठेही थांबली नाही. डेल शेजारी टोपी काढून उभा होता. रस्त्यापलीकडे शेजारणी गोळा झाल्या होत्या आणि एकीच्याही तोंडून हूं की चूं नाही.

शेवटी लाल कोटवालीनं विचारलं, "म्हणजे एलिंगनं धमकी दिली नव्हती?"

जेनेलला हसू आलं. किती महिन्यांनी आलं असेल देव जाणे. "दिली की! लॉरेन ब्रोटेनचं भांडं आठ महिने दाबून ठेवलं की ऑसलंडमध्ये धमकीच मिळते."

बारा मिनिटं बोलली बाई. संध्याकाळी वाहिनीनं त्यातले चार सेकंद दाखवले. "धमकी दिली नव्हती?" "दिली की!" खाली पट्टी, "आईचाच दुजोरा".

मी या वेळी चप्पल फेकली नाही. माझ्यात त्राणच उरलं नव्हतं.

पण डेलला टीव्हीचा भरवसा आधीपासूनच नव्हता. त्यानं दुपारीच वहीच्या कागदावर पेनानं सगळं लिहिलं होतं, खाली दोघांनी सह्या केल्या होत्या, आणि साठ मैल गाडी चालवून तो कागद मंडळाच्या कचेरीत हातोहात दिला होता. त्याखाली मीही माझी साक्ष लिहिली होती, पूर्ण वाक्यासकट, भांड्यासकट. शुक्रवारी दुपारी मंडळाचा निर्णय आला. आता मंडळ म्हणजे मंडळ, केलेली चूक पूर्ण कशी कबूल करणार? त्यांनी शिक्षा अर्धी केली. एलिंगनं पहिला अर्धा सामना बाहेर बसायचं, दुसरा अर्धा खेळायचं.

"अर्धाच?" मी आर्डिसवर ओरडलो, जणू तिनंच निर्णय दिला होता.

"अर्धा मिळाला," ती म्हणाली. "ट्रकमध्ये ब्लँकेट ठेव, उद्या गार आहे."

शनिवारी खरंच कडाक्याची थंडी होती. एलिंग पहिला अर्धा वेळ कुंपणाबाहेर उभा होता, चर्चचा कोट घालून, लॉरेन आजीशेजारी. शिक्षा झालेल्याला संघाच्या बाकाजवळही बसता येत नाही. म्हातारीनं त्याचा हात घट्ट धरला होता. मध्यंतराला तो आत गेला आणि चव्वेचाळीस नंबरचा शर्ट घालून बाहेर आला तेव्हा आमच्या लाकडी बाकांवर जेवढी माणसं होती तेवढी उभी राहिली. मी नियम पाळला, तोंड उघडलं नाही. पण नाक तीनदा पुसलं. त्यावर नियम नाही.

तीस मिनिटं मिळाली पोराला. काय खेळला म्हणून सांगू! एकदा तर माझ्या पुढ्यातच त्यानं एकाला पाडलं, लगेच बाजूला झाला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला, शाळेत उभा करतात तसा. पंचसुद्धा हसले. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि मागेच राहिलो. शेवटचं दीड मिनिट चेंडू त्यांच्याकडे होता. तेव्हा ते काय करतात, चेंडू हातात घेऊन नुसते गुडघा टेकतात आणि घड्याळ संपू देतात. तीनदा टेकला. तिन्ही वेळा एलिंग वाकून, बोटं जमिनीला लावून तयार होता, आणि तिन्ही वेळा समोर करायला काहीच नव्हतं. मग शिट्टी झाली.

लोक उतरले, गळाभेटी झाल्या, फोटो झाले. गुरुवारी ऑसलंडमध्ये उभ्या असलेल्या तबकड्यांच्या गाड्यांपैकी एकही आली नव्हती. दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजात कुणीतरी बँडवाल्याला ढकललं होतं, सगळे तिकडे पळाले होते. हळूहळू मैदान रिकामं झालं. बाकीची पोरं कपडे बदलायला आत गेली. लॉरेन आजी गाडीत हीटर लावून बसली.

एलिंग तेवढा राहिला. माझ्या बाजूच्या रेषेवर आला, हेल्मेट गवतावर ठेवलं. घाम थंड व्हायला लागला होता, पोरगा थरथरत होता.

"मिस्टर स्टेनरूड, शर्ट ओढता का जरा?"

खांद्यांच्या पॅडवरून तो घट्ट शर्ट एकट्याला काढता येत नाही, कुणीतरी मागून ओढावा लागतो. एरवी पोरं एकमेकांचा ओढतात. तो वाकला आणि दोन्ही हात पुढे केले, लहान मूल आईपुढे करतं तसे. मी मागून शर्टाची कड धरली. अर्ध्या पाठीपर्यंत वर आला आणि अडकला.

"जोरात ओढा," तो आतून म्हणाला. "एका झटक्यात. म्हणजे होऊन जाईल."

चाळीस वर्षं मी गंजलेले नट सोडवलेत, हात माझे अजून घट्ट आहेत. पण त्याचे खांदे हलायला लागले होते. थंडीनं नव्हे, पोरगा रडत होता. पंधरा वर्षं होती त्या शर्टात. माझ्याच्यानं ओढवेना.

मी तो परत खाली घेतला, त्याच्या पाठीवर नीट केला आणि म्हटलं, "राहू दे रे. अजून थोडा वेळ राहू दे."